४५५९३ ‘कोल्हापूर’ : एक जुना ब्रिटिश रेल्वे फोटो, आणि तुमच्या आठवणी

यॉर्ककर

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारांत रेल्वेच्या फोटोंची खोकी हमखास दिसतात. कुणीतरी जन्मभर जपलेला संग्रह असतो आणि माणूस गेल्यावर घर आवरताना तो विकायला निघतो. कृष्णधवल फोटो, मागे पेन्सिलीने लिहिलेला इंजिनाचा नंबर, जागा, तारीख. असं खोकं दिसलं की माझे पाय तिथून हलत नाहीत. नुकताच एक फोटो घेतला, त्याच्या पाठीवर मात्र अक्षरही नाही. म्हणून हा धागा.

फोटो चौकोनी आहे. वाफेचं इंजिन उजवीकडून डावीकडे, जरा तिरकं, आपल्या दिशेने येतंय. तोंडावरच्या पाटीवर नंबर स्पष्ट वाचता येतो, ४५५९३. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा. इंजिनाचं तोंड सावलीत आहे, पण धूर आणि वाफ मागच्या उन्हाने उजळून निघालीय. ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूला नंबराच्या आकड्यांवरून गेलेला एक फिकट तिरका पट्टा. मागच्या डब्यांपैकी दोनांना खिडक्यांच्या उंचीवर फिकट पट्टी, बाकीचे डबे एकरंगी गडद. जवळजवळ प्रत्येक खिडकीतून डोकी बाहेर आलेली, त्यातल्या एकाच्या हातात काठीला बांधलेली काहीतरी वस्तू. रुळांलगत तारांचे खांब, दगडी गडग्यांनी वाटून घेतलेली कुरणं, झाड औषधालाही नाही. पाठीमागे एकटा डोंगर, त्याची उजवी बाजू दोन पायऱ्या उतरून खाली येते.

घरी येऊन यादीत नंबर शोधला आणि मोठ्याने ओरडलोच. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ‘ज्युबिली’ वर्गातलं हे इंजिन, आणि त्याचं नाव ‘कोल्हापूर’!

प्रश्न दोन. हा फोटो कुठला आणि कधीचा असेल? आणि असे फोटो बघताना तुमची नजर आधी कुठे जाते? माझं मत सांगून टाकतो. नुसतं इंजिन दाखवणारे फोटो मी पटापट पुढे सरकवतो. ज्यात गाडीबरोबर तिथला गाव, हवा, माणसं आली आहेत, तेच फोटो मला परत परत बघावेसे वाटतात.

पंचगंगा

काय सांगताय काय! आमच्या कोल्हापूरचं इंजिन विलायतेत धावत होतं? फोटो मोठा करून टाका. आणि इंजिन तांबडं होतं की पांढरं तेवढं सांगा, रस्सा आम्ही घेऊन येतो.

लोकलवाला

खुर्ची पकडली आहे. वाचतोय.

सिग्नलमन

@पंचगंगा, अगदी तांबडंच! लंडन, मिडलंड अँड स्कॉटिशची प्रवासी इंजिनं किरमिजी लाल असत. राष्ट्रीयीकरणानंतर ज्युबिल्यांना हिरवा रंग आला. ‘कोल्हापूर’ सेवेतून निघाल्यावर जतन झालं तेव्हा त्याला पुन्हा तोच लाल रंग दिला होता.

थोडी माहिती. ज्युबिली वर्गाची एकूण १९१ इंजिनं बांधली गेली. रचना विल्यम स्टॅनियर यांची, तीन सिलिंडरची. सुरुवातीला ही इंजिनं वाफ धरत नसत, फायरमन वैतागून जात. (फायरमन म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा.) मग बॉयलर आणि धुराड्याकडच्या भागात बदल केले आणि इंजिनं सुधारली. आपलं ‘कोल्हापूर’ १९३४ साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत तयार झालं. तेव्हा नंबर होता ५५९३. १ जानेवारी १९४८ ला ब्रिटनमधल्या मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारी झाल्या आणि या कंपनीच्या इंजिनांच्या नंबरात ४०००० मिळवले, म्हणून ४५५९३.

या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातल्या प्रदेशांची नावं दिली होती. ओळीने बघा: ४५५७६ बॉम्बे, ४५५८५ हैदराबाद, ४५५८७ बडोदा, ४५५८९ ग्वाल्हेर, ४५५९२ इंदूर, ४५५९३ कोल्हापूर. यातली शेवटची चार मराठी राजघराण्यांची संस्थानं, जवळजवळच उभी आहेत. आणि १९१ पैकी भंगारातून वाचली फक्त चार: कोल्हापूर, बहामाज, लिअँडर आणि गॅलाटिया. म्हणजे हिंदुस्थानातल्या नावांपैकी एकटं कोल्हापूर उरलं.

फोटोच्या तारखेबद्दल सविस्तर लिहितो, जेवून येतो.

पंचगंगा

चारांत एक आमचं! आज दिवसभर ऑफिसात हेच सांगत फिरणार.

निळी_शाई

माहिती छान आहे, पण मला एक खटकतंय. ही नावं काही कोल्हापूरच्या प्रेमाने दिलेली नव्हती. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव (‘ज्युबिली’), म्हणून साम्राज्याच्या मालमत्तेची यादी इंजिनांवर लिहून काढली. त्या काळात कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराज होते. त्यांना कुणी विचारलं होतं का? ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या जुन्या दिवसांसाठी आपण का हळवं व्हायचं?

चौकट

@निळी_शाई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा व्हावा. मी फक्त फोटोबद्दल बोलतो, कारण माझं पोट त्यावर चालतं.

@यॉर्ककर, नुसत्या इंजिनाच्या फोटोंना तुम्ही उगाच कमी लेखताय. जुन्या रेल्वे फोटोग्राफरांचा एक ठरलेला नेम असे: ऊन आपल्या खांद्यामागून, इंजिन तीन-चतुर्थांश समोरून, चाकं आणि दांडे स्वच्छ दिसले पाहिजेत, धूर गाडीवर पडता कामा नये. त्यांना त्या यंत्राची नोंद करायची होती आणि फिल्म फार मंद असे. धावती गाडी ठसठशीत पकडण्यासाठी भरपूर उजेड लागायचाच. त्या नेमामुळेच आज आपण एखाद्या इंजिनाचा रिव्हेट न् रिव्हेट मोजू शकतो.

हा नेम मोडणारेही होते. कॉलिन गिफर्ड यांचे साठच्या दशकातले फोटो बघा. इंजिन कोपऱ्यात एवढंसं, बाकी चौकटभर विटांची घरं, गिरण्यांची धुराडी, ओले रस्ते, पुलाखालून जाणारी बाई. त्या काळच्या अनेकांना ते फोटो आवडले नव्हते. आता मात्र तो काळ अंगावर येतो तो अशाच फोटोंतून.

तुमच्या फोटोत इंजिनाचं तोंड सावलीत आहे, म्हणजे काढणाऱ्याने उन्हाच्या विरुद्ध उभं राहून जाणूनबुजून धूर उजळलेला घेतला. हौशी पोराचं हे काम नव्हे. पोरांकडे असायचा कोडॅकचा ब्राउनी १२७, त्याला शटरचा वेग एकच, सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. धावती गाडी त्यात हलणारच. म्हणून पोरांचे फोटो बहुतेक शेडमध्ये, म्हणजे इंजिनं ठेवायच्या जागी, उभ्या असलेल्या इंजिनांचे असतात. प्रिंट चौकोनी आहे म्हणताय, तर वरून बघायचा जुळ्या भिंगांचा कॅमेरा असावा.

यॉर्ककर

चौकट, हे फार आवडलं. रिव्हेटचा मुद्दा मान्य, पण मन मात्र त्या पुलाखालच्या बाईकडेच जातं.

कैरी

मला एक सांगा. ते नंबर लिहून घेणारे लोक, पावसात फलाटाच्या टोकाला उभे राहणारे, त्यांना नक्की काय मिळायचं? माझे सासरे लंडनला होते, तिथे त्यांनी असे लोक पाहिले होते. ते म्हणायचे, गाडीत कुणी चढत नाही, कुणाला सोडायला आलेले नाहीत, नुसते आकडे लिहितात!

जुना_डॉक्टर

कैरीताई, मी ती मुलं अगदी जवळून पाहिली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

मी मिरजेचा. १९६६ साली कनिष्ठ डॉक्टर म्हणून लीड्सला गेलो. शनिवारी सुट्टी असली की खोलीत एकटं बसवत नसे, मग स्टेशनवर जायचो. आपल्याला स्टेशनवर बरं वाटतं, माणसं दिसतात. लीड्स सिटी स्टेशनचं तेव्हा नूतनीकरण चाललं होतं, सगळीकडे फळ्या, सिमेंट. फलाट संपून उतार सुरू होतो तिथे दहा ते पंधरा वर्षांच्या पोरांचं टोळकं असे. गुडघ्यापर्यंत मोजे, रेनकोट, खांद्याला पिशवी. पिशवीत सँडविच आणि एक छोटं पुस्तक. त्या पुस्तकात सगळ्या इंजिनांचे नंबर छापलेले. पाहिलं की घरी जाऊन पट्टीने त्या नंबराखाली रेघ ओढायची. रेघ वाकडी आली तर जीव जायचा त्यांचा!

मी सूट-टायमध्ये, काळासावळा, त्यांच्या शेजारी उभा. एकाने धीर करून विचारलं, तुम्ही कुठले? म्हटलं, इंडिया. इंडियात कुठे? आता मिरज याला काय कळणार, म्हणून म्हटलं, कोल्हापूरजवळ. तर ते पोरगं एकदम उजळलं आणि मित्राला ओरडून म्हणालं, “हे कोल्हापूरचे आहेत!” मग माझ्याकडे वळून, “माझ्याकडे कोल्हापूर आहे!” मला काही उमगेना. त्याने पुस्तक उघडून दाखवलं. ४५५९३, खाली निळ्या शाईची सरळ रेघ. उच्चार त्याचा ‘कोलापोर’, पण बोट बरोबर त्या नावावर. मग त्याने सगळी यादी म्हणून दाखवली: ग्वाल्हेर, त्रावणकोर, उदयपूर, इंदूर, भोपाळ. शाळेत पाढे म्हणावेत तशी, नंबरांसकट. परदेशात गेल्यापासून माझ्या मुलखाचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही लीड्सच्या फलाटावर, बारा वर्षांच्या गोऱ्या पोराकडून.

निळी_शाई, तुमचं म्हणणं मला पटतं. ती नावं मालकीचीच होती. पण त्या पोराच्या तोंडी ती मालकीची नव्हती. त्याच्यासाठी कोल्हापूर म्हणजे तीन सिलिंडरचा आवाज करत येणारी एक प्रिय वस्तू होती. त्यानंतर मी बऱ्याच शनिवारी तिथे गेलो. मला ते ‘डॉक कोलापोर’ म्हणत.

पंचगंगा

डॉक्टरकाका, अंगावर काटा आला. साष्टांग नमस्कार.

कैरी

काका, किती सुंदर लिहिलंत. सासऱ्यांना हे वाचून दाखवायला हवं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

निळी_शाई

काका, तुमचा अनुभव मनापासून आवडला. नावांबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण तो मुलगा त्यातून वगळला.

सिग्नलमन

डॉक्टरकाकांनी सांगितलेल्या पुस्तकाची गोष्ट. इयन ॲलन नावाचा तरुण इंग्लंडच्या सदर्न रेल्वेच्या लंडनमधल्या वॉटर्लू कचेरीत कारकून होता. इंजिनांची माहिती विचारणारी पत्रं यायची आणि उत्तरं यालाच द्यावी लागायची. त्याने सुचवलं की एक छोटी पुस्तिकाच छापू. कंपनीने रस दाखवला नाही, तेव्हा १९४२ साली, ऐन युद्धात, त्याने ती स्वतःच छापली. हातोहात खपली. पुढे बाकीच्या रेल्वेंच्या पुस्तिका आल्या, मुलांचा क्लब निघाला. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणार नाही, असं वचन सभासदांना द्यावं लागे. अर्थात शेडमध्ये मागच्या दाराने घुसून फोरमनची नजर चुकवत नंबर टिपणं हा त्यांच्यातला सर्वांत मोठा पराक्रम असायचा.

आणि त्या वह्यांचा उपयोग? अमुक इंजिन अमुक दिवशी कुठे होतं, हे आज कळतं त्यातलं बरंचसं या पोरांच्या वह्यांमुळे. कचेरीतले कागद रद्दीत गेले, वह्या माळ्यावर राहिल्या.

आता यॉर्ककरांचा फोटो.

बफरांवर एकेक दिवा म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची जलद प्रवासी गाडी. केबिनवरचा तिरका पट्टा पिवळा असणार. इंग्लंडमधल्या क्रू (Crewe) स्टेशनच्या दक्षिणेला रुळांवर २५ हजार व्होल्टच्या विजेच्या तारा टाकल्यावर काही वर्गांच्या इंजिनांना त्या तारांखालून जायला बंदी झाली, कारण उंचीत पुरेसं अंतर सुटत नव्हतं. ती बंदी १ सप्टेंबर १९६४ पासूनची आणि तिची खूण म्हणजे हा पट्टा. ज्युबिल्या त्या बंदीत होत्या. म्हणजे फोटो त्या सुमाराच्या आधीचा नाही. ‘कोल्हापूर’ सेवेतून निघालं ऑक्टोबर १९६७ मध्ये. तीन वर्षांवर आलो.

पुढचा पुरावा डब्यांचा. फिकट पट्टीवाले डबे निळ्या-करड्या नव्या रंगातले, बाकी जुने किरमिजी. नवा रंग १९६५ पासून हळूहळू आला. एकाच गाडीत दोन्ही म्हणजे १९६६ किंवा ६७ मानायला हरकत नाही.

जागेचं मला सांगता येत नाही, डोंगर ओळखणारा माणूस हवा.

बार्शी_लाइट

इंजिनावर कोल्हापूरचं नाव गेलं, तर इंग्लंडमधल्या एका आख्ख्या रेल्वेवर आमच्या बार्शीची छाप आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभारली. अडीच फुटी गेज, १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. कमी वजनाच्या रुळांवर जास्तीत जास्त माल कसा न्यायचा याचं गणित कॅलथ्रॉपने इथे सिद्ध करून दाखवलं. मग इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे बांधायची ठरली तेव्हा त्यालाच बोलावलं. तेच अडीच फुटी गेज, किटसनचीच इंजिनं, बार्शीच्या अनुभवावर बेतलेली. १९०४ साली सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. तिचे जुने फोटो बघा, इंजिनाला पुढे भला मोठा दिवा लावलेला दिसतो, जो इंग्लंडमध्ये कुठेच नसे. आता त्या वाटेवर रूळ काढून पायी आणि सायकलने जायचा रस्ता केला आहे.

पंढरपूरच्या वारकऱ्यांना नेणाऱ्या गाडीची भावंडं स्टॅफर्डशरमध्ये दूध वाहत होती. ते फोटो बघताना मला दुसऱ्या कुणाच्या आठवणीत शिरल्यासारखं अजिबात वाटत नाही.

लोकलवाला

बार्शी_लाइट, भारी! मीही थोडी भर घालतो. मँचेस्टर ते शेफील्ड वुडहेड बोगद्यातून जाणारी लाइन १९५४ मध्ये विजेवर गेली, १५०० व्होल्ट डीसी. आपल्या मुंबईला १९२५ पासून होती तीच पद्धत. ती लाइन १९८१ ला बंद केली. तिचे फोटो बघताना खांब, तारा, पेंटोग्राफ सगळं कर्जत-लोणावळ्यासारखं दिसतं, फक्त हिरवळ जास्त आणि वडापाव नाही.

शिवाय डेक्कन क्वीनला ओढणारी डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनं लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. त्याच कारखान्यात पुढे ‘डेल्टिक’ डिझेल तयार झाली, ३३०० अश्वशक्तीची. नेमकी २२ होती. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरच्या पोरांची ती लाडकी. २ जानेवारी १९८२ ला त्यांची निरोपाची गाडी निघाली तेव्हा फलाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाफ गेली म्हणून हळहळणारे खूप भेटतात, पण डिझेलवर जीव टाकणारी एक आख्खी पिढी आहे आणि त्यांचे फोटोही तितकेच सुंदर आहेत.

चौकट

+१. निळ्या रंगातली डेल्टिक, कोडाक्रोमच्या रंगीत फिल्मवर, संध्याकाळच्या उन्हात. अजून काय हवं?

पायवाट

डोंगर मी ओळखला!! मी लीड्सला शिकायला होतो, तेव्हा यॉर्कशर डेल्समधली तीन शिखरं एका दिवसात पायी केली आहेत. उजवीकडे दोन पायऱ्या असलेला, सिंह बसल्यासारखा डोंगर म्हणजे पेन-इ-गेंट, ६९४ मीटर. असा दिसतो तो पश्चिमेकडून. रूळ आणि गडगे त्याच्यासमोर आहेत, म्हणजे हा सेटल-कार्लाइल मार्ग आणि फोटोग्राफर हॉर्टन स्टेशनच्या पुढे, सेलसाइड वस्तीच्या दिशेला उभा आहे. गाडी उजवीकडून डावीकडे म्हणजे उत्तरेला, कार्लाइलकडे चाललीय. तिथे झाड नाही हे अगदी खरं, वारा टिकूच देत नाही.

सिग्नलमन

पायवाट, जिंकलंत! आता सगळं जुळलं.

गाडी उत्तरेला जातेय आणि ऊन मागून, म्हणजे वेळ सकाळची, दुपार होण्याआधीची. लीड्सहून निघालेल्या गाडीला ती वेळ चपखल बसते. १९६७ च्या उन्हाळ्यात लीड्सच्या होलबेक शेडकडे शेवटच्या ज्युबिल्या उरल्या होत्या: अल्बर्टा, कोल्हापूर आणि अकिलीस. शनिवारी सुट्टीच्या गर्दीमुळे जादा गाड्या सुटत आणि सेटल-कार्लाइलवर त्या ओढायला ही इंजिनं देत. बातमी पसरली आणि देशभरातून लोक त्या गाड्यांसाठी यायला लागले. खिडक्यांतली डोकी त्यांचीच! काठीला बांधलेली वस्तू म्हणजे टेपरेकॉर्डरचा माइक. चढावर तीन सिलिंडरचा आवाज ध्वनिमुद्रित करायला तो असा बाहेर धरायचे.

म्हणून माझा अंदाज: १९६७ चा उन्हाळा, शनिवार, सकाळी.

घाटवाट

चढ म्हणताय तो किती आहे?

सिग्नलमन

१:१००. शंभर मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

घाटवाट

बोरघाट १:३७ आहे. आमच्या खंडाळ्याच्या बँकर (घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या) ड्रायव्हरला १:१०० दाखवला तर तो चहा प्यायला उतरेल.

पण गंमत सोडून विचारतो. १९६६ का नाही? निळे-करडे डबे तेव्हाही होते आणि शनिवारही होते.

सिग्नलमन

चहाची गंमत आवडली, पण तो चढ सलग पंचवीस किलोमीटर आहे. वाटेत दम खायला जागा नाही, मागून लावायला बँकर नाही, वरून पाऊस. फायरमनचं फावडं थांबत नसे.

६६ अशक्य नाही. पण इतकी डोकी आणि माइक, ही निरोपाची गर्दी आहे. शेवट जवळ आल्याशिवाय लोक असे लोटत नाहीत. मी ६७ वरच पैज लावीन.

निळी_शाई

त्या मार्गाबद्दल थोडं वाचलं, कारण आता मलाही राहवेना. १८७६ साली प्रवाशांसाठी खुला झाला. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल बांधताना मजूर उघड्या माळावर झोपड्यांत राहिले, देवीच्या साथीत आणि अपघातांत बायकामुलांसकट मेले, जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात पुरले. आपल्या बोरघाटात १८६३ पर्यंत हेच झालं होतं, त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने. घाटातल्या आपल्या मजुरांची नावं कुठे आहेत? जुने फोटो गोळा करणाऱ्यांनी त्या लोकांचेही फोटो शोधावेत, एवढीच माझी मागणी आहे. हा विषय आता माझ्याही जिव्हाळ्याचा झालाय.

यॉर्ककर

निळी_शाई, मागणी शंभर टक्के मान्य. माझ्याकडे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे काही फोटो आहेत, वेगळ्या धाग्यात टाकतो.

हा मार्गही मरता मरता वाचला आहे. ऐंशीच्या दशकात बंद करायचं घाटत होतं. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या, त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता! रसवॉर्प त्याचं नाव. तोही तिकीट काढून प्रवास करणारा, म्हणून त्याची हरकत ग्राह्य धरली. १९८९ मध्ये सरकारने माघार घेतली. याच मार्गावरच्या गार्सडेल स्टेशनवर त्या कुत्र्याचा पुतळा आहे.

आणि फोटोग्राफरांचं म्हणाल तर वेकफील्डचे बिशप एरिक ट्रीसी हे या मार्गाचे परमभक्त. धर्मगुरू माणूस, पण ड्रायव्हर-फायरमनशी घट्ट दोस्ती. १९७८ मध्ये याच मार्गावर ॲपलबी स्टेशनात, वाफेच्या गाडीची वाट बघत असतानाच ते गेले.

जुना_डॉक्टर

१९६७ चा उन्हाळा म्हणता, तेव्हा मी लीड्सलाच होतो. त्या शनिवारच्या गाड्या सुटताना मी फलाटावरून पाहिल्या आहेत. एरवी दोन-चार पोरं असत तिथे मोठी माणसं, कॅमेरे, गळ्यात टेपरेकॉर्डर. गाडी सुटली की सगळी पोरं एकदम गप्प व्हायची, आवाज ऐकायला. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६८ ला, ब्रिटिश रेल्वेची वाफेची शेवटची गाडी याच मार्गाने कार्लाइलला जाऊन आली. तिचं तिकीट होतं पंधरा गिनी. माझ्या ऐपतीबाहेरचं होतं, पण मन तिथेच होतं.

यॉर्ककर, तो फोटो मोठा करून पाठवाल का? ‘कोल्हापूर’च्या मागच्या डब्यात माझं एखादं पोरगं दिसतं का ते बघायचंय.

यॉर्ककर

काका, आजच स्कॅन करतो, अगदी मोठा. खिडकीगणिक वेगळा तुकडा करून पाठवतो. आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: “४५५९३ कोल्हापूर, हॉर्टन ते सेलसाइड, उत्तरेकडे, बहुधा उन्हाळा १९६७, शनिवार.” ‘बहुधा’ घाटवाटसाठी.

घाटवाट

आभारी आहे.

पंचगंगा

मंडळी, माझी बहीण बर्मिंगहॅमला असते. येत्या उन्हाळ्यात जाणार आहे. हे इंजिन बघायला मिळेल का? आमच्याकडे मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ ला मीटर गेजवर आली आणि १९७१ ला ब्रॉडगेज झाली. हे इंजिन स्टँडर्ड गेजचं, म्हणजे ते कोल्हापूरला यायचा कधी योगच नव्हता. आम्हीच जातो.

सिग्नलमन

बर्मिंगहॅमच्या टायस्ली शेडच्या मंडळींनी ते घेतलं होतं. बरीच वर्षं ते वाफेवर चाललेलं नाही आणि अधूनमधून दुसऱ्या संग्रहालयात ठेवायला दिलं जातं. टायस्ली रोज उघडं नसतं, ठरावीक दिवशीच आत सोडतात. निघण्याआधी त्यांना लिहून विचारा, सध्या इंजिन नेमकं कुठे आहे आणि जवळ जाऊ देतील का.

यॉर्ककर

पंचगंगा, बर्मिंगहॅमला याल तेव्हा दोन दिवस यॉर्कलाही काढा. इथलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय दाखवतो, तिथे ‘मॅलर्ड’ आहे, १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वाफेचा विक्रम करणारं. आणि लीड्सहून गाडीने हॉर्टनला जाऊ, पायवाटने सांगितलेली जागा शोधू. डॉक्टरकाका, तुम्ही येणार असाल तर तिकिटं मी काढतो.

जुना_डॉक्टर

गुडघे परवानगी देतील असं दिसतंय. शनिवार बघा.